कढईतलं तेल, इंडिकाची टाकी

वाचकाचं पत्र :

स.न.वि.वि. माझं मिरजेत वडा-भजी आणि फरसाणचं दुकान आहे. दोन कढया दिवसभर चालू असतात. आठवड्याला वीस लिटरच्या आसपास काळं पडलेलं तेल निघतं. एक माणूस येऊन किलोला चाळीस रुपयांनी डबे उचलतो. पुढं ते कुठं जातं, मी कधी विचारलं नाही.

घरी 2007 ची इंडिका डीएलएस आहे, अजून ठणठणीत. सांगली-मिरज फेऱ्या धरून आठवड्याला सव्वाशे किलोमीटर चालते. दुकानाला 2022 ची बोलेरो पिकअप आहे, बीएस-6.

आमचे दाजी इचलकरंजीला असतात, त्यांना यंत्रांचं भारी वेड. परदेशात लोक हॉटेलातलं तेल गाळून सरळ गाडीत घालतात, असे व्हिडिओ त्यांनी मला दाखवले. त्यांचं म्हणणं, डिझेल इंजिन मुळात शेंगतेलासाठीच बनलं होतं, पेट्रोलियमवाल्यांनी ते दडपलं. गेल्या आठवड्यात त्यांनी पाच लिटर तेल गाळून इंडिकात ओतलं. गाडी चालते, फरक कळत नाही, मागून भज्यांचा वास येतो एवढंच. आता दाजी म्हणतात पिकअपमध्येही घालू, आणि पुढं घरीच मिथेनॉल आणि कॉस्टिक आणून बायोडिझेल करू. सौ. म्हणते, आधी दाजींना इचलकरंजीच्या गाडीत बसवा.

गावाकडं मळ्यात वडिलांच्या वेळचं विहिरीवरचं इंजिन पडून आहे, सात हॉर्सपॉवरचं, मोठ्या चाकाचं. त्याचा या कामी काही उपयोग होईल का? एकूण काय करावं, सांगा.
– एक वाचक, मिरज

उत्तर :

पिकअपला हात लावू नका. हे सगळ्यात आधी लिहितो, कारण पुढचं उत्तर लांबलचक आहे आणि ते वाचून होईस्तोवर दाजी गाळणी घेऊन मिरजेत हजर झालेले असतील.

दुसरं तातडीचं, इंडिकातले ते पाच लिटर. टाकी बऱ्यापैकी भरलेली असताना ओतलं असेल तर घाबरू नका. वर डिझेल भरत राहा, गाडी नेहमीसारखी वापरा, ते तेल पातळ होत होत संपून जाईल. मग डिझेल फिल्टर बदला आणि जुन्या फिल्टरमधलं डिझेल एका पांढऱ्या ताटलीत ओतून बघा. तळाशी तपकिरी चिकट गाळ किंवा पाण्याचे मणी दिसले, तर दाजींची गाळणी कमी पडली असं समजा. टाकी तळाला गेली असताना ओतलं असेल, म्हणजे निम्म्याच्या वर तेलच होतं, तर टाकी रिकामी करून घ्या आणि नव्या डिझेलवर गाडी चालवा.

गाडी चालते आणि फरक कळत नाही, हे तुम्ही लिहिलंय ते शंभर टक्के खरं असणार. पहिल्या पाच लिटरला सगळ्यांच्याच जुन्या गाड्या चालतात. व्हिडिओ तिथंच संपतो. त्याच गाडीचं सहा महिन्यांनी काय झालं, हे दाखवायला सहसा कुणी कॅमेरा लावत नाही.

दाजींच्या इतिहासात अर्धं तथ्य आहे. 1900 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर खरंच चाललं होतं. ऑटो नावाच्या इंजिन कंपनीनं ते मांडलं होतं, आणि कल्पना फ्रेंच सरकारची होती. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग उदंड पिकायचा, तिथली इंजिनं तिथल्याच तेलावर चालली तर बाहेरून इंधन न्यायला नको, असा हिशेब. या इंजिनाचे जनक रुडॉल्फ डिझेल यांनी पुढं स्वतःच हे सांगितलं आहे, आणि हेही सांगितलं की इंजिन खनिज तेलासाठीच बांधलं होतं, त्यात काही बदल न करता ते शेंगतेलावर चाललं. आपल्याकडं 10 ऑगस्टला जैवइंधन दिन साजरा होतो तेव्हा 1893 साली त्या दिवशी इंजिन शेंगतेलावर चाललं असं भाषणांत हमखास ऐकू येतं. 10 ऑगस्ट 1893 ला ऑग्सबर्गमध्ये डिझेल यांच्या पहिल्या प्रायोगिक इंजिनाची चाचणी झाली, शेंगतेलाचा प्रयोग पॅरिसचा. दडपायचं म्हणाल तर कुणी काही दडपायची गरजच पडली नाही. खनिज तेलातून रॉकेल काढल्यावर मागं उरणारा जड भाग स्वस्तात मिळत होता आणि शेंगतेल कधीच स्वस्त नव्हतं. आजही किराणा दुकानात जाऊन बघा. रिफाइंड तेलाच्या पिशवीचा भाव डिझेलच्या लिटरपेक्षा वरच असतो, आणि आपला देश खाद्यतेलाची निम्म्याहून जास्त गरज आयातीवर भागवतो. त्यामुळं ताजं तेल गाडीत घालण्याचा विषय निघतच नाही. बोलायचं ते वापरलेल्या तेलाबद्दलच.

आता इंजिनाच्या आत काय होतं ते बघू.

डिझेल आणि तेल यांत मोठा फरक दाटपणाचा. चाळीस अंश तापमानाला डिझेलचा दाटपणा 2 ते 4.5 सेंटीस्टोक (दाटपणा मोजायचं माप) असतो, सोयाबीन किंवा पामतेलाचा तीस-चाळीसच्या घरात. नोझलचं काम इंधनाचा धुक्यासारखा फवारा करणं. तेल दाट असलं की धुकं होत नाही, बारीक धार पडते. धार पुरती जळत नाही. जे जळत नाही ते नोझलच्या तोंडाशी साठतं आणि कडक कोळसा होतो. अशी नोझल काढून हातात घेतली की टोकाभोवती काळी कडक फुलोऱ्यासारखी कड आलेली दिसते, नखानं खरवडून निघत नाही, पितळी ब्रश लागतो. एकदा ही कड आली की फवारा आणखी बिघडतो, आणखी कोळसा जमतो. पुढं पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटतात, कॉम्प्रेशन जातं, सकाळी गाडी उठत नाही.

पण माझ्या मते यापेक्षा मोठं दुखणं खाली ऑइल सम्पमध्ये, म्हणजे इंजिन ऑइल साठतं त्या तळच्या भांड्यात आहे आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. तुमच्या कढईच्या कडेला, तेलाच्या पातळीच्या जरा वर, जो पिवळा-तपकिरी चिवट थर जमतो, जो सोडा आणि तारेच्या घासणीलाही दाद देत नाही, तो आठवा. एक्झॉस्ट पंख्याच्या पात्यांवरही तोच असतो. तेल गरम होऊन हवेला लागलं की त्याचे रेणू एकमेकांत गुंतून असा राळेसारखा पापुद्रा तयार होतो. इंजिनात न जळलेलं तेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली झिरपतं आणि इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. डिझेल झिरपलं तर त्यातलं बरंचसं इंजिन गरम झाल्यावर उडून तरी जातं. खाद्यतेल उडत नाही, तिथंच राहतं, रोज तापतं, आणि तुमच्या कढईच्या कडेला जे होतं तेच तिथं होतं. ऑइल आधी दाट होतं, मग एखाद्या दिवशी त्याची जेली होते. ऑइल पंप जेली खेचू शकत नाही. बेअरिंगला ऑइल पोचलं नाही की पुढं काय, ते दाजींना विचारा, त्यांना माहीत असणार.

हे किती लवकर होईल ते तेलाच्या जातीवर असतं. सोयाबीन आणि सूर्यफूल लवकर राळ धरतात, शेंगतेल त्यापेक्षा बरं, पामतेल आणखी बरं. फरसाणवाले बहुतेक पामोलीन वापरतात, म्हणजे या बाबतीत तुमचं नशीब चांगलं. पण पामोलीनची दुसरी खोड तुम्हाला थंडीत दिसलीच असेल, डिसेंबरात सकाळी डब्यात ते खालून गोठलेलं, ढगाळ असतं. तेच फिल्टरच्या कागदावर गोठलं की गाडी सुरू होऊन दोन मिनिटांत बंद. सरकीच्या तेलाचंही थंडीत असंच.

शिवाय तुमचं तेल नुसतं तेल नाही. त्यात बटाट्यातलं पाणी आहे, मीठ आहे, बेसनाची पूड आहे, आणि सारखं तापून सुटी झालेली आम्लं आहेत. पंपाचे आतले भाग हजारांश मिलिमीटरच्या मापात घासून बसवलेले असतात. त्यांना पाणी, मीठ आणि आम्ल तिन्ही चालत नाहीत.

तरी परदेशात लोकांच्या गाड्या चालतात त्या कशा? चालतात, पण कुठल्या, ते बघा. व्हिडिओत बहुधा जुनी मर्सिडीज असते, सत्तर-ऐंशीच्या दशकातली, नाहीतर जुनी फोक्सवॅगन. त्यांत इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारत नाहीत. आधी एका छोट्या कोठडीत फवारतात, तिथं ते पेटतं आणि मग सिलिंडरमध्ये येतं. ती कोठडी चांगलीच तापलेली असते, त्यामुळं फवारा जरा जाड झाला तरी खपून जातो. जाणकार लोक त्यातही दोन टाक्या ठेवतात. गाडी डिझेलवर सुरू करायची, रेडिएटरच्या गरम पाण्यानं तेल सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तापवायचं म्हणजे त्याचा दाटपणा दहा-बारावर येतो, मग तेलावर न्यायची, आणि बंद करायच्या आधी पुन्हा डिझेलवर आणून पाइप धुऊन काढायचे. जर्मनीत तर इंधनाच्या रेपसीड (मोहरीच्या जातीचं बी) तेलासाठी वेगळं मानक निघालं होतं, शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर त्यावर चालत. ते तेल ताजं, थंड घाण्याचं आणि तपासलेलं असे, वडे तळलेलं नव्हे. ब्रिटनमध्ये 2002 साली वेल्समधल्या लानेली गावात सुपरमार्केटमधल्या स्वस्त तेलावर लोक गाड्या चालवताना पकडले गेले. इंधनावरचा कर बुडवल्याचा गुन्हा होता, आणि पोलिसांनी माग काढला तो सायलेन्सरमधून येणाऱ्या चिप्सच्या वासावर. तुमच्या भज्यांच्या वासावरून मला तेच आठवलं. पुढं 2007 मध्ये तिथल्या सरकारनंच वर्षाला अडीच हजार लिटरपर्यंत करमाफी देऊन तो वाद मिटवला.

तुमच्या इंडिकाचं 1.4 लिटरचं इंजिनही त्या जुन्या कोठडीवाल्या जातीचं आहे. म्हणून पाच लिटर पचले. तांत्रिकदृष्ट्या विचाराल तर आपल्याकडच्या गाड्यांत असल्या प्रयोगाला टिकण्याची शक्यता असलेली जी थोडी इंजिनं उरली आहेत, त्यांतलं ते एक. पण तिचा डिझेल पंप रोटरी आहे, आणि रोटरी पंपाला वंगण इंधनाचंच मिळतं. सकाळी थंड, दाट तेल त्यात आलं की पंपाच्या शाफ्टवर आणि सीलवर भलता ताण येतो. जुन्या ट्रकांना असायचा तो मायको कंपनीचा लाइन पंप असे लाड सहन करतो, त्याला वंगण इंजिन ऑइलचं असतं. पंप-नोझलवाल्याकडं रोटरी पंप कॅलिब्रेशनला टाकला की बिल पाच आकड्यांत जातं, आणि इतक्या जुन्या गाडीला चांगला पंपवाला मिळणंही सोपं राहिलेलं नाही.

बोलेरो पिकअपचं इंजिन कॉमन रेलचं, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच जबर दाबाच्या नळीतून इंधन मिळतं. तिथं दाब हजार बारच्या वर असतो, जुन्या इंडिकात नोझल शे-दीडशे बारला उघडते. इंजेक्टरची भोकं केसाच्या जाडीची, आणि फवारा किती, केव्हा, किती वेळा हे कॉम्प्युटर ठरवतो, तोही डिझेलचा दाटपणा गृहीत धरून. वर बीएस-6 च्या धुराच्या यंत्रणा. एक इंजेक्टर गेला तरी तुमच्या दुकानाचा महिन्याचा गॅस त्यात बसेल, आणि कंपनी वॉरंटीचं नाव काढू देणार नाही. या गाडीत तेलाचा एक थेंबही जाता कामा नये, मिसळूनसुद्धा.

आता इंडिकाचा पैशाचा हिशेब. दुकानदाराला हिशेब शिकवणं बरं दिसत नाही, पण दाजींनी तो तुम्हाला मांडून दाखवला नसावा. गाडी आठवड्याला सव्वाशे किलोमीटर चालते. लिटरला अठरा धरलं तर सात लिटर डिझेल. मिरज ते सांगली दहा-बारा किलोमीटर. दोन टाक्यांची पद्धत केली तर इंजिन तापेस्तोवर गाडी सांगलीतल्या विश्रामबागला पोचलेली असेल, आणि थोड्या वेळानं बंद करायची म्हणून परत डिझेलवर घ्यायची. सातांतले साडेतीन लिटर वाचले तरी पुष्कळ. डिझेल नव्वदच्या भावानं धरा, तीनशे पंधरा रुपये. तेवढ्यासाठी गाळ आणि पाणी जाऊन साडेचार लिटर, म्हणजे वजनानं चार किलोच्या थोडं वर, कच्चं तेल लागेल, ते विकलं असतं तर एकशे पासष्ट रुपये आले असते. म्हणजे आठवड्याला दीडशे रुपये पदरात. त्यातून दुसरी टाकी, हीटर, व्हॉल्व्ह, वारंवार फिल्टर, इंजिन ऑइल निम्म्या अंतरावर बदलणं आणि तेल तापवायचा गॅस वजा करा. आणि तुमच्या वीस लिटरांतले पंधरा लिटर तर तरीही शिल्लकच राहिले!

कायद्याचंही बघा. आरसी बुकावर इंधन डिझेल लिहिलेलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं आरसीवरच्या नोंदीशी विसंगत असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. दुसरी टाकी आणि तेलाची लाइन म्हणजे तसाच बदल. 2007 ची गाडी, म्हणजे पंधरा वर्षं झाल्यावर तुम्ही नोंदणी वाढवून घेतली असणार, आणि दर पाच वर्षांनी आरटीओच्या तपासणीला पुन्हा उभं राहायचं आहे. तिथं साहेबानं बॉनेट उघडल्यावर काय सांगणार? अपघातात विमा कंपनीच्या सर्वेअरला काय सांगणार?

घरी बायोडिझेल करायचा बेत मात्र मुळीच नको. यावर मी एरवीपेक्षा कडक बोलतोय, तसंच घ्या. रसायन ऐकायला सोपं आहे. तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक घालून ढवळलं की ग्लिसरीन खाली बसतं आणि वर पातळ बायोडिझेल येतं. व्हिडिओत प्लास्टिकच्या बाटलीत करून दाखवतात. पण शंभर लिटर तेलाला वीसेक लिटर मिथेनॉल लागतं, आणि मिथेनॉल म्हणजे तेच जे 2015 च्या जून महिन्यात मालाडच्या मालवणीत दारूत गेलं आणि शंभराहून जास्त माणसं गेली. दहा-पंधरा मिलिलिटर पोटात गेलं तर दृष्टी जाते. वाफ श्वासातून आणि द्रव कातडीतूनही आत जातो. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही, आणि आपल्या हवेच्या तापमानाला ते केव्हाही पेटतं. तुमच्या आवारात दिवसभर गॅसच्या शेगड्या चालू असतात. ते बाळगायला परवाना लागतो तो उगाच नाही. शिवाय तुमचं तेल आम्लयुक्त, त्यात कॉस्टिक घातलं की निम्मा साबणच व्हायचा. कारखान्यात हेच करताना आधी आम्ल मोजतात, काढतात, शेवटी धुतात, वाळवतात आणि आयएस 15607 या मानकाला तपासतात. दाजींच्या पिंपात यातलं काही होणार नाही.

मला तुमच्या पत्रातलं खरं खटकलं ते एकच वाक्य. पुढं ते कुठं जातं, मी कधी विचारलं नाही. आता विचारा.

काळं तेल किलोला चाळीस रुपयांनी उचलणारा माणूस ते बायोडिझेलच्या कारखान्याला देत असेल, साबणवाल्याला देत असेल, किंवा थोडं गाळून, पांढरं करून रस्त्यावरच्या एखाद्या गाड्यावर देत असेल. तिसरी शक्यता हवेतली नाही, म्हणूनच तर नियम आले. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं 1 जुलै 2018 पासून तळणाच्या तेलातल्या एकूण ध्रुवीय संयुगांची (तेल पुन्हा पुन्हा तापून तयार होणाऱ्या खराब घटकांची) मर्यादा 25 टक्के ठरवली. त्याच्या वर गेलेलं तेल खाण्यात वापरायचं नाही, ना तुमच्या दुकानात ना दुसऱ्याच्या. ते मोजायला थर्मामीटरसारखं हातातलं यंत्र येतं, तपासनिसांकडं असतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलकडं वळवायची ‘रुको’ योजना सुरू झाली. दिवसाला पन्नास लिटरच्या वर तेल तळणाला वापरणाऱ्यांनी नोंदवही ठेवायची आणि उरलेलं तेल अधिकृत संकलकालाच द्यायचं, असा नियम मार्च 2019 पासून आहे. तुमच्या दोन कढया त्या मापात बसत नसल्या तरी पंचवीस टक्क्यांची मर्यादा तुम्हालाही आहेच. काळ्या तेलात ताजं ओतून कढई पुढं रेटायची जुनी सवय दुकानात असेल तर तीही या निमित्तानं मोडा.

तेव्हा त्या माणसाला नोंदणीचा कागद मागा. दाखवला तर दर उचलीला वजनाची पावती घ्या, तारखेसह, आणि फाइलला लावा. उद्या अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक आले तर ती फाइल तुमच्या बाजूनं बोलेल. दाखवला नाही तर त्याच प्रशासनाच्या सांगलीच्या कार्यालयात जाऊन अधिकृत संकलक कोण, ते विचारा. तुमचं एकट्याचं वीस लिटर बघून कुणी गाडी पाठवणार नाही. शेजारचे दोन-चार वडेवाले, एखादी खानावळ, एखादं मंगल कार्यालय मिळून महिन्याला दोन बॅरल भरतात असं सांगा, मग येतात. भावही चाळीसच्या खाली ऐकून घेऊ नका. 2019 साली तेल कंपन्यांनी अशा बायोडिझेलला लिटरला 51 रुपयांनी सुरुवात केली होती, त्यानंतर तेलाचे भाव कुठल्या कुठं गेले आहेत. बॅरल स्टीलची किंवा जाड प्लास्टिकची घ्या, झाकण घट्ट. पावसाचं पाणी गेलं की वजन कापतात.

दाजींना हेही सांगा की आपल्या डिझेलच्या मानकात सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं आणि 2030 पर्यंत पाच टक्के मिसळायचं सरकारी उद्दिष्ट आहे. त्यांची कल्पना चुकीची नाही. ती कारखान्यातून, तपासणी होऊन, पंपावरून यायला हवी.

राहिलं विहिरीवरचं इंजिन. ते वाचून मला बरं वाटलं.

मोठ्या चाकाचं, मिनिटाला साडेसहाशे-हजार फेरे मारणारं असलं इंजिन गाडीपेक्षा फार सोशिक. फेरे कमी म्हणून तेलाला जळायला वेळ मिळतो. पंप साधा, एका प्लंजरचा. नोझल दोन नट सोडले की हातात येते. कर्नाटकात कग्गनहळ्ळी गावात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मंडळींनी करंजाच्या तेलावर जनरेटर चालवून बोअरचं पाणी शेताला दिलं होतं, तेव्हा एका जागी बसलेल्या इंजिनावर हे जमतं याला आपल्या शेजारचाच दाखला आहे. दाजींची हौस भागवायला ही जागा योग्य. बिघडलं तर नुकसान आवाक्यातलं, आणि रस्त्यात कुणी अडकत नाही.

पण आधी इंजिन डिझेलवर नीट चालू दे. इतकी वर्षं पडून आहे म्हणजे ऑइल काढून नवं घाला, टाकी धुवा, चाक हातानं फिरवून अडकत नाही ना ते बघा, आणि हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवा, उलटा झटका आला तर मनगट जातं. मग तेल. ते पंधरा दिवस उंच डब्यात हलवाहलव न करता ठेवा, वरचंच घ्या, खालचं चतुर्थांश सोडून द्या. शंभर-एकशे दहा अंशांपर्यंत तापवून पाणी घालवा. पाणी गेलं की नाही हे तुम्हाला सांगायला नको, तापल्या तव्यावर थेंब टाका, चरचरला तर आहे. थंड झाल्यावर जाड कापडातून आणि मग पाच मायक्रॉनच्या फिल्टर पिशवीतून गाळा.

डिझेलच्या छोट्या टाकीशेजारी तेलाचा दुसरा डबा बसवा, मध्ये तीन तोंडांचा कॉक. इंजिनातून येणारं गरम पाणी हौदात सोडण्याआधी तेलाच्या डब्याभोवतीच्या पिंपातून फिरवा, म्हणजे तेल तापेल. सायलेन्सरला पाइप गुंडाळून तापवायचा जुगाड दाजी सुचवतील, तो करू नका, आग लागते. डिझेलवर सुरू करा, पाणी हाताला चटका देण्याइतकं गरम झालं की कॉक फिरवा. पंपावर पुरता भार असतानाच तेल वापरा, नुसतं रिकामं पळवलं तर कोळसा जास्त जमतो. शेवटची दहा मिनिटं पुन्हा डिझेलवर. इंजिन ऑइल पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या तासांना बदला, आणि दरवेळी काठीला लागलेलं ऑइल दोन बोटांत ताणून बघा. तार सुटायला लागली की तेल थांबवायचं, त्यात चर्चा नाही.

नोझल पहिल्यांदा पन्नास तासांनी उघडा आणि तिच्या टोकाचा फोटो मला पाठवा. कोळसा किती आणि कुठल्या बाजूनं बसलाय ते बघून फवाऱ्याचा दाब वाढवायचा की तेल आणखी तापवायचं, ते सांगतो.